अरोचक नव्हे, क्षुधावेगधारण : आहारविकृतीच्या रुग्णाची ओळख, चिकित्सा आणि देहप्रतिमेची पुनर्घडण

प्रास्ताविक

‘भूक लागत नाही, वजन उतरत चालले आहे, काहीतरी भूक वाढवणारे औषध द्या,’ ही तक्रार घेऊन येणारा रुग्ण प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. अग्निमांद्य, अरोचक, ग्रहणीदोष, कृमी, राजयक्ष्मा अशा क्रमाने आपला विचार धावतो आणि तो योग्यच असतो. मात्र या रुग्णांमध्ये काही रुग्ण, विशेषतः तेरा ते पंचवीस या वयोगटातील मुली आणि आता काही प्रमाणात मुलगेही, असे असतात की ज्यांचा अग्नी मुळात मंद नसतो. त्यांना भूक लागते. ती ते दाबतात. काही जण भरपूर खातात आणि नंतर गुपचूप वमन करतात किंवा रेचक घेतात. आधुनिक वैद्यकात या विकारांस अनुक्रमे अॅनोरेक्सिया नर्व्होसा व बुलिमिया नर्व्होसा अशी नावे आहेत. अनावर अतिभक्षणाचा परंतु वमन-रेचनविरहित असा तिसरा प्रकार २०१३ साली अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत स्वतंत्र विकार म्हणून मान्य झाला.

मनोविकारांमध्ये मृत्यूचे प्रमाण ज्यांत सर्वाधिक आहे, अशा मोजक्या विकारांत अॅनोरेक्सियाची गणना होते. हृदयगती थांबणे व आत्महत्या ही त्याची दोन प्रमुख कारणे. म्हणून या रुग्णाच्या हाती दीपन-पाचनाची पुडी देऊन त्याला परत पाठवणे ही साधी गोष्ट राहत नाही. प्रस्तुत लेखात या रुग्णाची ओळख, त्याच्या बाबतीत टाळावयाचे उपक्रम, चिकित्सेचा क्रम आणि स्वतःच्या देहाविषयी त्याची बिघडलेली धारणा सुधारण्याचा मार्ग, यांचा विचार आम्ही करीत आहोत.

नावाने केलेली दिशाभूल

सर विल्यम गल यांनी या विकाराचे वर्णन करताना १८६८ मध्ये प्रथम अपचनसूचक नाव योजिले होते. रुग्ण जे थोडे अन्न घेतो ते अखेरच्या अवस्थेपर्यंत पचते, हे ध्यानी आल्यावर त्यांनी ते सोडले आणि १८७३ मध्ये ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ केले. त्याच वर्षी पॅरिसचे शार्ल लासेग यांनीही अशाच रुग्णांचे वर्णन केले. परंतु ‘अॅनोरेक्सिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ अन्नाची इच्छा नसणे असा आहे आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत, निदान आरंभी, तोही खरा नाही. आपण त्याचे भाषांतर ‘अरोचक’ असे केले की तीच चूक मराठीत येते.

आमच्या मते या विकाराकडे पाहण्याची अधिक उपयुक्त खिडकी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या, न वेगान् धारणीय अध्यायात आहे. क्षुधेचा वेग धारण केल्याने कृशता, दौर्बल्य, विवर्णता, अंगमर्द, अरुची व भ्रम उत्पन्न होतात, असे तेथे सांगितले आहे. येथे अरुची हे कारण नसून परिणाम आहे, हे लक्षात घ्यावे. दीर्घकाळ भूक दाबलेल्या रुग्णाला कालांतराने खरोखरच अन्न नकोसे होते, चार घासांत पोट फुगते, मलावष्टंभ होतो. आपल्यासमोर रुग्ण येतो तो या टप्प्यावर आणि आपण परिणामालाच मूळ व्याधी समजतो. बुलिमियात वेगधारणाच्या जोडीला वेगाचे उदीरण, म्हणजे नसलेला वेग बळाने उत्पन्न करणे, हेही आहे. वाग्भटाचार्यांनी या दोहोंना मिळून रोगांचे व्यापक कारण मानले आहे. संहितांतील कोणतीही एक व्याधी या विकारांशी तंतोतंत जुळते, असा आमचा दावा नाही. पण हेतूचा हा विचार चिकित्सेची दिशा बदलतो. अरोचक मानले तर औषध दीपनाचे. क्षुधावेगधारण मानले तर निदानपरिवर्जन, म्हणजे नियमित अन्नसेवन, हीच पहिली चिकित्सा ठरते.

आशियाई रुग्णांबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हाँगकाँग येथे सिंग ली व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७० रुग्णांच्या अभ्यासात ४१ रुग्णांनी लठ्ठ होण्याच्या भीतीचा उल्लेखच केला नव्हता. पोट फुगते, भूक नाही, अशी कारणे ते देत होते. तेव्हा ‘मला जाड व्हायचे नाही’ हे वाक्य रुग्णाच्या तोंडून येईपर्यंत थांबू नये.

रुग्णपरीक्षण

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित रुग्णचित्र घेऊ. बारावी विज्ञान शाखेतील सतरा वर्षांची मुलगी. उंची १५८ सेंटिमीटर. सहा महिन्यांत वजन ४८ किलोवरून ३७ वर आले आहे. चार महिने रजोदर्शन नाही. आई सांगते, ‘अभ्यासाच्या ताणाने खात नाही, सोमवार, चतुर्थी, एकादशी सारे उपवास मात्र नेमाने करते.’ वैशाखातही मुलीने पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला आहे. नाडी मिनिटाला ४६. ती म्हणते, ‘मी ठीक आहे, आईच उगाच काळजी करते.’

या चित्रातील प्रत्येक तपशील बोलका आहे. सैल व जाड कपडे थंडीसाठी असतात, तसे देह लपवण्यासाठीही असतात. उपवासाचे वाढते प्रमाण श्रद्धेपोटी असू शकते, पण न खाण्याला घरच्यांचा आक्षेप येऊ नये यासाठीही ते सोयीचे असते. उपवास सोडताना रुग्ण काय आणि किती खातो, हे विचारले की दोहोंतला भेद उघड होतो. मंद नाडी पाहून ‘व्यायामाचे शरीर’ असा समज करून घेऊ नये. उपासमारीत हृदयाची गती मंदावते.

वमन करणाऱ्या रुग्णाचे वजन बहुधा प्राकृत असते, म्हणून तो नजरेतून सुटतो. त्याच्या मुठीच्या हाडांवर दात लागून पडलेले घट्टे, कानाखालील लालाग्रंथींची सूज, पुढील दातांच्या आतील बाजूची झीज, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाण्याची सवय, ही लक्षणे शोधावीत. बुलिमियाचे पहिले सविस्तर वर्णन करणारे जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्येच या घट्ट्यांकडे लक्ष वेधले होते.

प्रश्न विचारताना रुग्णास काही काळ एकट्याने भेटावे. ब्रिटनमध्ये १९९९ साली पाच प्रश्नांची एक सोपी चाचणी प्रसिद्ध झाली. तिचा आशय असा : पोट फार भरल्यासारखे वाटून स्वतःहून उलटी काढता का, किती खावे यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते का, तीन महिन्यांत सुमारे सहा किलोहून अधिक वजन उतरले आहे का, इतर जण बारीक म्हणत असता स्वतःला लठ्ठ मानता का, अन्नाच्या विचाराने आयुष्य व्यापले आहे का. दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आल्यास सखोल तपासणी हवी. हे प्रश्न प्रकृतिपरीक्षणाच्या ओघात सहज विचारता येतात. त्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत.

राजयक्ष्मा, मधुमेह, अवटू ग्रंथीचे विकार व आंत्रविकार यांची निरसनार्थ तपासणी अवश्य करावी. त्यासोबत रक्तातील पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, शर्करा आणि ई.सी.जी. पाहावे. रक्ततपासणी प्राकृत आली म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नये.

तातडीने रुग्णालयात पाठवण्याची लक्षणे

दिवसा नाडी मिनिटाला ५० च्या खाली, उभे राहताच रक्तदाब उतरणे वा मूर्च्छा, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, शरीराचे तापमान फार उतरलेले, पोटॅशियम वा फॉस्फेट कमी, कित्येक दिवस जवळजवळ अन्न नाही, वारंवार वमन, आत्मघाताचे विचार. यांपैकी एकही असल्यास घरी औषध देत बसू नये. आपल्या रुग्णचित्रातील मुलीची नाडी ४६ आहे, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक १५ च्याही खाली आहे. तिची जागा प्रथम रुग्णालयात आहे, बाह्यरुग्ण विभागात नव्हे.

काय करू नये

येथे आमच्या व्यवसायबंधूंना व औषध-विक्रेत्यांना आम्हांस विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते.

(१) अशा रुग्णास लंघन, वमन, विरेचन, उद्वर्तन वा लेखन बस्ती देऊ नये. वासंतिक वमनाच्या शिबिरात स्वतःहून नाव नोंदवणाऱ्या सडपातळ तरुण-तरुणीस ‘वमन कशासाठी हवे?’ हा प्रश्न जरूर विचारावा. चोरून उलटी काढणाऱ्या रुग्णास शास्त्रोक्त वमन देणे म्हणजे त्याच्या विकाराला वैद्याची संमती देणे होय. पोटॅशियम आधीच उतरलेल्या देहात ते प्राणघातक ठरू शकते.

(२) सोनामुखी व तत्सम तीव्र रेचके वजन कमी करतात, हा समज खोटा आहे. अन्नातील पोषक अंश लघ्वंत्रात शोषले गेल्यानंतर ही द्रव्ये पक्वाशयावर कार्य करतात. जाते ते बहुतांशी पाणी व क्षार. पुढे शरीर पाणी धरून ठेवते, सूज येते, रुग्ण घाबरून मात्रा वाढवतो आणि हे चक्र चालू राहते. एकच तरुण ग्राहक आठवड्या-आठवड्याला रेचक चूर्णाची डबी नेत असेल, तर विक्रेत्याने त्याला आडोशाला घेऊन सौम्य शब्दांत विचारावे आणि वैद्यांकडे पाठवावे.

(३) वमन-रेचनाने पोटॅशियम घटलेल्या रुग्णास यष्टीमधु अधिक मात्रेत वा दीर्घकाळ देऊ नये. ते पोटॅशियम आणखी घटवते. आम्लपित्त समजून यष्टीमधु दिले जाण्याचा संभव या रुग्णांत मोठा असतो, कारण वारंवार वमनाने घसा व छाती जळते.

(४) मेदोहर योगांची जाहिरात करताना कायद्याचे भान ठेवावे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. त्यावरील औषधाची जाहिरात करता येत नाही. दुकानाच्या काचेवरील ‘आधी-नंतर’ची चित्रे पाहूनच एखादी मुलगी जेवण सोडते, याचाही विचार व्हावा.

(५) स्थूल रुग्णासही अनावर अतिभक्षणाचा विकार असू शकतो. दिवसभर कडक पथ्य आणि रात्री चोरून खाणे, अशी कथा असेल तर आणखी कडक लंघन त्या चक्राला बळच देते. तेथे प्रथम जेवणाच्या वेळा बांधाव्यात.

चिकित्साक्रम

पहिला टप्पा : अन्न. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्या काळात ते चिडचिडे, खिन्न व एकलकोंडे झाले. दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले आणि पाककृतींची पुस्तके वाचू लागले. त्यांना थंडी सोसेना, नाडी मंदावली. हे तरुण मनोरुग्ण नव्हते. यावरून एवढे स्पष्ट होते की रुग्णाचा हट्ट, विक्षिप्तपणा, खिन्नता यांतील बराच भाग उपासमारीचा परिणाम असतो. उपाशी मेंदूस उपदेश पचत नाही. म्हणून आधी अन्न, मग समुपदेशन.

परंतु अन्न किती वेगाने द्यावे? संतर्पणीय अध्यायात (सूत्रस्थान २३) चरकाचार्यांनी नुकताच क्षीण झालेला आणि दीर्घकाळ क्षीण असलेला, असा भेद केला आहे. पहिल्यास तत्काळ तर्पण चालते. दुसऱ्यास मात्र देह, अग्नी, दोष, औषध, मात्रा व काल पाहून, त्वरा न करता, सतत संतर्पण करावे, असा त्यांचा स्पष्ट निर्देश आहे. आधुनिक वैद्यकास या सावधगिरीचे एक कारण दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी युद्धकैद्यांत दिसले. एकाएकी भरपूर अन्न मिळाल्यावर त्यांतील काही जण दगावले. अन्न येताच रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि हृदय व श्वसन कोलमडते. यास रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. निर्देशांक १६ च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक वजनघट, किंवा दहा दिवसांहून अधिक नाममात्र आहार, यांपैकी काहीही असल्यास आहाराचा आरंभ रुग्णालयात, रोजच्या रक्ततपासणीसह व थायमिन देऊनच व्हावा. ‘खाऊ घाला म्हणजे सुधारेल’ हा प्रेमाचा सल्ला येथे जीवावर बेतू शकतो.

धोका टळल्यावर घरचे अन्न. संसर्जन क्रमातील तत्त्व, म्हणजे पेयेपासून विलेपी, यूष व पुढे प्राकृत आहार, ही चढण येथे उपयोगी पडते. मात्र पेजेवर रेंगाळू नये. कृश रुग्णास लघु आणि तरीही संतर्पण करणारे अन्न द्यावे, असे अष्टौनिन्दितीय अध्यायात सांगितले आहे. मऊ भात, मुगाचे वरण, साजूक तूप, दूध, खजूर, शिंगाड्याची खीर हे पदार्थ मराठी घरात सहज उपलब्ध आहेत. दिवसातून तीन जेवणे व दोन ते तीन न्याहाऱ्या ठरल्या वेळी द्याव्यात. दोन खाण्यांत साडेतीन-चार तासांहून अधिक अंतर नको. भूक लागो वा न लागो, वेळ झाली की ताट समोर हवे, कारण भुकेची हाक या काळात भरवशाची नसते. बाह्यरुग्णात आठवड्याला सुमारे अर्धा किलो वाढ पुरेशी मानावी. उपवास पूर्ण बरे होईपर्यंत बंद ठेवावेत. रुग्णाईत माणसास उपवासातून सूट असते, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून वदवून घ्यावे.

अश्वगंधा, शतावरी यांसारखी बल्य द्रव्ये या टप्प्यानंतर, पचनाचा अंदाज घेऊन योजावीत. ती अन्नाला साहाय्य करतात, अन्नाची जागा घेत नाहीत.

दुसरा टप्पा : कुटुंब. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात कुटुंबाधारित चिकित्सेची पद्धत विकसित झाली. तिची पहिली तुलनात्मक चाचणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्पवयीन व अल्पकाळ आजारी रुग्णांत ती विशेष गुणकारी आढळली. तिचे सार असे : आईवडिलांना दोष देऊ नये, आरंभी मुलीचे अन्न काय व किती हे त्यांनी ठरवावे व सोबत बसून खाऊ घालावे, वजन सुधारले की तो अधिकार हळूहळू तिच्याकडे सोपवावा, शेवटी तिच्या वयाला साजेशा इतर प्रश्नांकडे वळावे. एकत्र पंगतीला बसण्याची आपली रीत या पद्धतीस पोषकच आहे. ताटावर वादविवाद, धमकी वा लाडीगोडीचा अतिरेक नको. शांत, ठाम सोबत हवी. प्रौढ रुग्णांत व बुलिमियात मानसोपचारतज्ज्ञांची विचार-वर्तन चिकित्सा परिणामकारक आहे. तज्ज्ञ जवळ नसल्यास ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा, क्रमांक १४४१६, रुग्णास सांगावी.

तिसरा टप्पा : देहप्रतिमा. वजन आधी सुधारते, रजःप्रवृत्ती त्यानंतर आणि मनातील देहाचे चित्र सर्वांत शेवटी. हा क्रम रुग्णास व घरच्यांस आधीच सांगून ठेवावा, नाहीतर ‘वजन वाढले, आता बरी झाली’ म्हणून चिकित्सा अर्धवट सुटते आणि व्याधी उलटते.

समाजातील प्रतिमांचा प्रभाव किती असतो, हे फिजी बेटांवरील अभ्यासावरून दिसते. तेथे भरलेल्या देहाला मान होता. नद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी व पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी स्वतः उलटी काढल्याचे पहिल्या पाहणीत एकाही मुलीने सांगितले नव्हते. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झाले. आज प्रत्येक मुलीच्या तळहातावर दूरचित्रवाणीहून प्रभावी पडदा आहे.

या प्रतिमांस उत्तर देण्यासाठी आपल्या शास्त्राकडे दोन मोलाच्या कल्पना आहेत. पहिली प्रकृतीची. रुंद बांध्याची कफप्रकृती आणि सडसडीत वातप्रकृती ही जन्मसिद्ध भिन्नता आहे, ते दोष नव्हेत, हे रुग्णास त्याच्याच घरातील आजी-मावशीच्या बांध्याचे उदाहरण देऊन पटवता येते. दुसरी कल्पना देहाच्या मापाची. चरकाचार्य समदेही माणसाचे वर्णन करताना भूक, तहान, ऊन, थंडी व श्रम सोसण्याची शक्ती आणि सम पचन यांचा उल्लेख करतात. विमानस्थानात तर केवळ देहाचा आकार पाहून बल ठरवू नये, असा वैद्यास इशारा आहे. लहानग्या मुंगीच्या भारवहनाचा दाखला तेथे येतो. देह कसा दिसतो याऐवजी देह काय करू शकतो, हा प्रश्न रुग्णाच्या मनात रुजवणे हीच येथील सत्त्वावजय चिकित्सा होय. जिना चढताना धाप कमी लागली का, केस गळणे थांबले का, मैत्रिणीशी बोलताना अन्नाचा विचार बाजूला राहिला का, अशी आठवड्याची नोंद रुग्णाकडून लिहवून घ्यावी. आरशासमोर वारंवार उभे राहणे व रोज वजन करणे थांबवावे. वजन वैद्यांनीच ठरल्या दिवशी करावे. जुने, तंग झालेले कपडे कपाटातून काढून मापाचे नवे शिवावेत. कृशाच्या बृंहणासाठी निद्रा, हर्ष व मनाची निश्चिंतता यांचाही निर्देश शास्त्रात आहे. तेव्हा परीक्षेच्या वर्षातही झोपेवर तडजोड नको.

भाषेची जबाबदारी आपली आहे. ‘तब्येत सुधारली हं!’ हे आपल्याकडे कौतुकाचे वाक्य आहे. बरी होऊ लागलेली मुलगी त्याचा अर्थ ‘तू जाड झालीस’ असाच घेते आणि संध्याकाळचे जेवण सोडते. त्याऐवजी ‘आज चेहरा टवटवीत दिसतो’ असेही म्हणू नये, कारण तेही दिसण्यावरच येऊन थांबते. ‘आज बऱ्याच दिवसांनी मनमोकळी हसलीस’ हे बोलणे अधिक हिताचे. नातेवाइकांनाही हे समजावून सांगावे.

समारोप

हा विकार महिन्या-दोन महिन्यांत बरा होणारा नाही. अनेकदा वर्षे लागतात, मध्ये घसरणही होते. परंतु योग्य वेळी ओळख पटली तर पुष्कळ रुग्ण पूर्ण बरे होतात. मनोविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व भिषक् यांच्यासह काम करण्यात वैद्यास कमीपणा नाही. रुग्ण व त्याचे घर यांच्याशी असलेला आपला दीर्घ परिचय हा या संघातील आपला खास वाटा आहे. ‘भूक लागत नाही’ असे कोणी सांगितले की औषधाची पुडी बांधण्यापूर्वी एकच प्रश्न विचारण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी : भूक लागत नाही, की लागलेली भूक दाबली जाते? या उत्तरावरच पुढील चिकित्सेची दिशा ठरते.